रैकरांचं टेबल

काहीही मांडून झालं की काका दोन पावलं मागे सरायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि खाली बघत उभे राहायचे. मग ते चहाचे कप असोत, नाहीतर आरतीचं तबक. "झालं सर. या आता," एवढंच म्हणायचे.

तुम्ही कॉलेजात विज्ञान शाखेला असाल तर असा माणूस तुम्ही नक्की पाहिलेला आहे. आपण प्रयोगशाळेत शिरायचो तेव्हा ब्युरेट स्टँडला लावलेलं असायचं, फ्लास्क लखलखीत असायचे, बाटल्यांवरची नावं आपल्याकडे तोंड करून असायची. हे सगळं कोणी केलं, असा प्रश्न निदान मला तरी कधी पडला नाही. खाकी कपड्यांतलं कोणीतरी कोपऱ्यात उभं असायचं, एवढंच आठवतं. त्याचा चेहरा आठवत नाही, आणि याची आता लाज वाटते.

काका ते कोपऱ्यातले गृहस्थ. लातूरकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी, मुलीच्या आग्रहाखातर, तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आले. मुलगी, म्हणजे सुजाता, समुद्रकाठच्या डून लेरी गावात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. मी मूळचा पुण्याचा, ग्रँड कॅनाल डॉकला एका कंपनीत कोड लिहितो आणि मीटिंगमध्ये बरं बोलतो, असा माझा स्वतःबद्दल समज आहे. काकांपेक्षा मी तीस वर्षांनी लहान. तरी पहिल्या दिवसापासून ते मला सर म्हणायचे. मी दहादा सांगून पाहिलं. "इंग्रजी बोलता, गळ्यात आयकार्ड हाय, म्हंजे सरच की," म्हणाले.

पहिल्यांदा ते माझ्याकडे चहाला आले आणि पंधरा मिनिटांत माझ्या सिंकचा ताबा घेतला. माझे ग्लास उजेडात धरून बघितले, नाक मुरडलं आणि तिन्ही ग्लास पुन्हा धुतले. "काच तीनदा धुवायची, सर. शेवटचं पानी काचेवरनं सरळ उतरलं, मागं थेंब न्हाई राहिला, तर धुतली. न्हाईतर नुसती ओली केली. आमच्या रैकरांची शिस्त हाय."

हे रैकर म्हणजे कॉलेजातले कोणी कडक प्राध्यापक असावेत, असं मी गृहीत धरलं. पुढचे आठ दिवस रैकर रोज भेटत राहिले. सुजाता डाळीत अंदाजानं मीठ घालायला लागली की "रैकर असं करत न्हाईत." तिची आठ वर्षांची मुलगी रंगाच्या बाटल्या उघड्या टाकून उठली की "रैकरांनी काय लिहून ठेवलंय?" ती मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर अस्सल आयरिश इंग्रजीत देते. तिनंच एकदा वैतागून मला विचारलं, हा रैकर कोण आहे? मग मी काकांना विचारलं.

"मिरजेचा तो मिरजकर, सोलापूरचा तो सोलापूरकर. रै गावचा तो रैकर," काका म्हणाले. "इराणात हाय ते गाव. जगात त्यांना ज्या नावानं वळखतात ना, त्याचाबी अर्थ तेवढाच. रै गावचा."

तर रैकर म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीचे मुसलमान हकीम. बगदादच्या मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख होते, औषधांवरचे त्यांचे ग्रंथ युरोपात शतकानुशतकं शिकवले गेले, आणि फावल्या वेळात ते भट्टीपुढे बसून पदार्थ तापवत, गाळत, वितळवत. रसायनशास्त्राला अजून रसायनशास्त्र हे नावही धड मिळालेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मी इंजिनीअर आहे, बारावीला रसायनात चांगले मार्क होते, आणि या माणसाबद्दल मला शून्य माहिती होती.

काकांना ती होती, कारण त्यांच्या हातातल्या पिशवीत एक वही होती. शंभर पानी, खाकी कव्हरची. विमानात ती सामानात टाकायला त्यांनी नकार दिला होता. कॉलेजात रसायनशास्त्राचे एक जुने प्राध्यापक होते, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. तास संपले की ते रैकरांबद्दल उर्दूतून वाचत, मराठीत अर्थ सांगत आणि काका उतरवून घेत. वहीचे तीन भाग. पहिल्याला नाव साहित्य, दुसऱ्याला भांडी, तिसऱ्याला कृती.

"हे तर पाककृतीचं पुस्तक झालं," मी म्हणालो.

"बरोबर वळखलंत," काका खूश झाले. "रैकरांच्या आधीचे लोक आसं लिहीत न्हवते. राजा आनि रानीचं लगीन झालं, सापानं शेपूट गिळलं, आसलं लिहायचे. दुसऱ्याला कळू नये मनून. रैकरांनी सरळ लिहिलं. काय घ्यायचं, कोन्त्या भांड्यात, किती वेळ. कुनीबी करून बघा. उगा काव्य न्हाई."

उगा काव्य न्हाई, हे त्यांचं दुसरं पेटंट वाक्य. माझ्या बोलण्यावर ते दिवसातून दोनदा तरी वापरलं जायचं.

वहीमागची खरी गोष्ट मला सुजातानं सांगितली. त्या प्राध्यापकांनी एकदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात रैकरांवर व्याख्यान ठरवलं होतं, समोर प्रयोग करून. काका महिनाभर राबले. कुंभाराकडून भांडी घडवून आणली, त्यांची गळती काढली, टेबल मांडलं, दोन पावलं मागे सरून उभे राहिले. सभागृह भरलं. सर आलेच नाहीत. सकाळीच त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, आणि पुढे ते कधी नीट बोलू शकले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काका टेबलापाशी उभे होते. मग भांडी तीनदा धुतली आणि कपाटात ठेवली.

"बाबांना सगळं व्याख्यान पाठ होतं," सुजाता म्हणाली. "त्यांनीच बोलायचं ना! पण परिचरानं बोलायचं नसतं. ते कोणी सांगितलेलंही नव्हतं, त्यांना तसंच वाटायचं. अजून मधूनच म्हणतात, रैकरांचं टेबल मांडून राहिलंय."

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या वाचनालयानं पत्रक लावलं. नोव्हेंबरात विज्ञान सप्ताह आहे, ज्याला काही दाखवायचं असेल त्यानं टेबल मागून घ्यावं. मी काकांसाठी टेबल मागितलं. काकांनी पत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"मी मांडतो," ते म्हणाले. "बोलायचं तुम्ही."

"काका, विषय तुमचा आहे."

"माझं इंग्रजी म्हंजे लेक्चर ऐकायपुरतं. लोक हसतील, आनि सुजीला इथं ऱ्हायचं हाय. तुम्ही सरच की. तुम्ही बोला. एकदा ते बोलून होऊ द्या, म्हंजे मी मोकळा."

त्यांचं परतीचं तिकीट विज्ञान सप्ताहानंतरच्या मंगळवारचं होतं. म्हणजे हे आत्ता झालं तर झालं.

वाचनालयातली तरुण ग्रंथपाल प्रेमळ होती पण अटी कडक होत्या. ज्योत नको, आम्ल नको, वास नको. काकांचा चेहरा पडला. भट्टीच नाही तर रैकर कसले? रात्रभर विचार करून सकाळी ते माझ्या दारात हजर झाले आणि माझा स्टीलचा कुकर घेऊन गेले. विजेच्या शेगडीवर कुकर, शिटीच्या जागी रबरी नळी, पुढे तांब्याच्या नळीचं वेटोळं बर्फाच्या पाण्याच्या बादलीत, आणि शेवटी काचेचा ग्लास. तांब्याची नळी नुसती वाकवली तर चेपते, म्हणून काकांनी समुद्रावरची बारीक वाळू तिच्यात ठासून भरली, मग डब्याभोवती गुंडाळली आणि नंतर वाळू झटकली. अर्धा दिवस ती नळी माझ्या नळाखाली धूत होते.

"रैकर खालच्या भांड्याला भोपळा मनायचे," कुकरवर हात ठेवून ते म्हणाले. "भोपळ्याच्या आकाराचं आसायचं मनून. आपला भोपळा प्रेस्टीजवाला."

आणि भोपळ्यात काय घालायचं? ते ब्रीडानं ठरवलं. ब्रीडा सत्तरी उलटलेली, आमच्या किनाऱ्यावर बाराही महिने रोज सकाळी समुद्रात पोहणारी बाई. माकडटोपी घालून फिरायला जाणारे काका आणि पोहण्याच्या पोशाखात कुडकुडणारी ब्रीडा यांची मैत्री कोणत्या भाषेत झाली ते मला ठाऊक नाही. इकडे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्या माणसाला 'युवर मॅन' म्हणतात. ती मला विचारायची, "आज युवर मॅन कुठेय?" प्रयोगाचं कळल्यावर ती म्हणाली, समुद्राचं पाणी घ्या, ते इथे फुकट आहे. कार्यक्रमाच्या सकाळी तिनंच कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बादली भरून दिली.

मीही माझी तयारी केली. ती काय होती ते सांगायला हवं, कारण चूक तिथेच आहे. मी बावीस स्लाइड बनवल्या. वाळवंट, उंट, चांदणं, बगदादच्या गल्ल्या, धुरात बसलेला लांब दाढीचा म्हातारा, सोन्याच्या विटा. पहिल्या स्लाइडवर नाव, 'बगदादचा जादूगार'. लोकांना खिळवून ठेवायचं तर गोष्ट हवी, असं आम्हाला ऑफिसात शिकवतात. सहा आणे वहीतलं घेतलं आणि दहा आणे माझा मीठमसाला. काकांना स्लाइड दाखवायच्या राहून गेल्या. खरं सांगायचं तर मुद्दामच राहिल्या.

शनिवारी दुपारी तीसेक माणसं जमली. पोरंटोरं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, ब्रीडा पहिल्या रांगेत. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. टेबलावर एकेक वस्तू ठेवताना ते ओठांत तिचं नाव घेत होते. कुकर, नळी, वेटोळं, बादली, ग्लास. मग दोन पावलं मागे, हात पाठीशी.

"झालं सर. या आता."

मी आलो आणि सुटलोच. चांदण्यात चमकणारं बगदाद, सोन्याच्या मागे वेडावलेला जादूगार, गूढ मंत्र. लोक हसत होते, फोन वर करत होते. मला वाटलं, जमलंय. मी म्हणालो, "आणि या जादूगारानं आपली रहस्यं कोणालाही कळू नयेत म्हणून..."

"थांबा सर. तसं न्हाई ते."

मी मागे वळलो. काका टेबलाच्या मागे नव्हते, माझ्या शेजारी होते. मी पाहिलं नव्हतं, सुजातानं नंतर सांगितलं. आधी त्यांचे पाठीमागचे हात सुटले, मग एक पाऊल पुढे आलं, आणि मग त्यांनी थोडा वेळ घेऊन दुसरं टाकलं. चौतीस वर्षं इंग्रजीतली लेक्चरं कोपऱ्यातून ऐकलेला माणूस होता तो. माझा प्रत्येक शब्द त्यांना कळला होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या सरांवर रागावले होते.

ते लोकांकडे वळले. सुजातानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग काका म्हणाले, "सॉरी. नॉट मॅजिक. ही इज नॉट मॅजिशियन." पुढचा शब्द सापडेना. त्यांनी टेबलाकडे बघितलं, त्या स्वच्छ ग्लासाकडे बघितलं, आणि सापडला. "केअरफुल. व्हेरी केअरफुल मॅन."

कोणी हसलं नाही. ब्रीडा मोठ्यांदा म्हणाली, "गो ऑन, सो." आयर्लंडात याचा अर्थ, चालू द्या, आम्ही ऐकतोय.

मी लॅपटॉप मिटला. काका मराठीत बोलायला लागले आणि मी इंग्रजीत सांगायला लागलो. अडखळले नाहीत. ते व्याख्यान त्यांच्या तोंडात इतकी वर्षं तयार होतं. रैकरांनी जगातल्या सगळ्या पदार्थांचे आधी तीन ढीग केले, प्राण्यांपासूनचे, वनस्पतींचे आणि जमिनीतले. जमिनीतल्यांचे पुन्हा सहा, तापवल्यावर उडून जाणारे, धातू, दगड, हिराकसासारखे, टाकणखारासारखे आणि मिठं. कुठल्या पुस्तकात काय लिहिलंय यावरून नव्हे, हातानं तापवून, पाण्यात टाकून, बघून केलेले ढीग. मग भांड्यांची यादी केली, चिमट्यापासून चाळणीपर्यंत. आणि मग कृती, दुसऱ्या कोणालाही करता येईल अशी. मी भाषांतरात जरा फुलवायला गेलो की काका माझ्याकडे नुसतं बघायचे. मी निमूट साधं सांगायचो.

"दॅट," हातानं कुकर दाखवत ते म्हणाले, "ओपन." मी झाकण उघडलं. समुद्राचं पाणी लोकांना दाखवलं. एका मुलानं बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "क्लोज." मी झाकण लावलं. "बर्फ." मी बर्फ घातला. तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं की मी आता टेबलाच्या मागे उभा होतो.

एका गृहस्थांनी विचारलं, शेवटी सोनं झालं का त्यांच्याकडून?

काका अजिबात अडले नाहीत. "न्हाई झालं. होईल आसं त्यांना वाटायचं, ते खोटं कशाला सांगू? पर सोनं हुडकता हुडकता त्यांनी भांडी नीट केली, रीत नीट केली. ती आजबी चालू हाय. तुमच्या दवाखान्यातलं औषध त्याच रीतीनं बनतंय." मग म्हणाले, "शेवटी त्यांचे डोळे गेले. तरी लिहायचं सोडलं न्हाई मनतात."

नळीतून वाफेचा आवाज येऊ लागला. ग्लासात पहिला थेंब पडला तेव्हा सतरंजीवरची पोरं उभी राहिली. काकांनी पहिलं वाटीभर पाणी ओतून टाकलं. "फर्स्ट वॉटर इज पाइप्स वॉटर. थ्रो." आता इंग्रजीही मोकळं झालं होतं. दुसऱ्यांदा जमलेलं पाणी त्यांनी उजेडाकडे धरलं आणि ब्रीडाच्या हातात दिलं. ग्रंथपाल काही बोलणार, तेवढ्यात ब्रीडानं घोट घेतला.

"इट्स ग्रँड," ब्रीडा म्हणाली. "चाळीस वर्षं या समुद्रात पडतेय, तोंडात गेलं की थुंकते. आज पहिल्यांदा प्यायले." आणि उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मग सगळेच उठले. मुलांना ग्लास हवा होता, मोठ्यांना वही बघायची होती. काकांची नात गर्दीत प्रत्येकाला सांगत सुटली होती, दॅट्स माय आजोबा. काका वही छातीशी धरून उभे होते आणि आज त्यांची नजर खाली नव्हती.

सुजाता भिंतीला टेकून रडत होती. "बाबांचा आवाज मी घराबाहेर कधी ऐकलाच नव्हता," म्हणाली. माझेही डोळे भरून आले होते, ते लपवायचं कारण नाही.

लोक गेल्यावर काका सवयीनं भांडी गोळा करायला लागले. मी त्यांच्या हातातून ग्लास घेतला. "काका, आजचा परिचर मी." ते खुर्चीवर बसले, पाय लांब केले, आणि मी धुतलेला ग्लास लांबूनच बघून म्हणाले, "थेंब राहिलाय. परत धुवा." त्यांनी मला सर म्हटलं नाही, हे मला वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना जाणवलं.

मंगळवारी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो. वही हातातच होती. "चांदणंबिंदणं, उंटबिंट चांगले काढले होते तुम्ही," आत जाता जाता म्हणाले. त्यांच्या परीनं ते माझी समजूत घालत होते.

यंदाच्या नोव्हेंबरात वाचनालयातून आपणहून निरोप आला. युवर मॅन येणार का, असं पोस्टात, दुकानात, किनाऱ्यावर लोक मला विचारत होते. काका काही येणार नव्हते. मग मीच टेबल मागून घेतलं, या खेपेला सकाळचं. ब्रीडानं बादली भरली. मी कुकर, नळी, वेटोळं, बादली, ग्लास नाव घेत मांडले. ग्लास तीनदा धुतला होता. मांडून झालं, आणि पाहतो तर मी दोन पावलं मागे सरून, हात पाठीशी बांधून दाराकडे बघत उभा होतो.

लोक बसले होते. निदान फोनवरून तरी काकांनी सुरुवात करावी, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. बराच वेळ रिंग गेली. काकांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तो त्यांनी कापला. ब्रीडा काळजीनं माझ्याकडे बघायला लागली. मग मेसेज आला. मी तो आधी मनात वाचला, मग मोठ्यानं मराठीत, मग इंग्रजीत वाचून दाखवला.

"आपल्या जुन्या कॉलेजात हाय. पोरं बसलेत. बोलायलोय. नंतर करतो."

टाळ्या थांबायला जरा वेळ लागला. मी फोन खिशात ठेवला, टेबलाच्या पुढे आलो आणि समुद्राचं पाणी कुकरमध्ये ओतलं.